मावशी, हात काढा

निवृत्त होताना ऑफिसातून मी एकच वस्तू मागून घेतली: कोकरांचं वजन करायचा टांगता काटा. तो आता आमच्या सांगलीतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या दांडीला लटकतो. शेजारच्या वहिनींनी एकदा विचारलं, "रद्दी घालता का हो याच्यावर?" मी हो म्हणून मोकळी झाले. खरं सांगायला बसले असते तर त्यांच्या गॅसवरचं दूध उतू गेलं असतं.

मी शिकले संख्याशास्त्र. वडिलांना वाटत होतं, पोरगी पंख्याखाली बसून नोकरी करेल. मी लागले मेंढ्यांवर काम करणाऱ्या एका संस्थेत. काम सांगायला सोपं होतं. आटपाडी, माण, जत या कोरड्या पट्ट्यातल्या धनगरांच्या कळपांत जायचं. नवीन कोकरू झालं की त्याच्या कानात नंबराचा बिल्ला मारायचा, वजन घ्यायचं, आई कोण ते लिहायचं. तीन महिन्यांनी परत वजन. कुठल्या मेंढीची पिल्लं चांगलं अंग धरतात ते अशानं कळतं, आणि पुढच्या मोसमाला कळपात नर कुठला ठेवायचा ते ठरतं.

वजन घ्यायची पद्धत अशी. बाभळीच्या फांदीला काटा अडकवायचा, काट्याला गोणपाटाची झोळी आणि झोळीत कोकरू. ते चारी पाय खाली सोडून असं काही ओरडतं की त्याची आई सोडाच, अर्धा कळप गोळा होतो. वजन दोनदा घ्यायचं आणि दोन वेगळ्या रकान्यांत लिहायचं, हा माझा नियम. एकदा कोकरू हलतं, एकदा फांदी हलते, एकदा लिहिणारीच हलते. दोन्ही आकडे जुळले तर ठीक, नाही जुळले तर दुसरा धरायचा. पहिला मात्र खोडायचा नाही. मूळ नोंद खोडायची नाही हे मी इतक्यांना इतक्यांदा ऐकवलं आहे की ऑफिसात माझी नक्कल करताना पोरी तेच वाक्य म्हणत.

आटपाडीकडचे बिरूतात्या आणि त्यांची बायको साळूमावशी यांचा कळप माझा सगळ्यांत जुना. दिवाळी झाली की तो पश्चिमेला निघायचा. फलटणकडच्या ऊस तुटलेल्या रानांत मुक्काम करत करत वाईवरून मेढ्यापर्यंत जायचा आणि पावसाळा तोंडावर आला की माघारी फिरायचा. मी त्यांच्या मागावर असे. फोन लावून विचारलं, "तात्या, कुठं आहात?" की पलीकडून उत्तर येई, "हितंच की." तेवढ्यावर दोन एस्ट्या बदलून मी त्यांना शोधून काढत असे.

त्यांच्यात कामाची वाटणी होती. मोठा कळप घेऊन तात्या पुढं चालणार. कोकरं, व्यायला आलेल्या मेंढ्या आणि घोड्यावरचा संसार मावशीकडं. मावशी जतच्या पलीकडची, अगदी सीमेवरची. बोलता बोलता मला कानडीत 'यव्वा', म्हणजे बाई, म्हणायची. तिच्या माहेरी चाल होती की लेक सासरी निघाली की बापानं तिला कळपातली एक मेंढी द्यायची. त्या मेंढीचा पुढं जो विस्तार होईल तो लेकीचा. मावशी त्याला 'माज्या म्हायेरचा येल' म्हणायची. कळपात त्या वेलाची किती होती हे तिनं कधी सांगितलं नाही. विचारलं की हसायची आणि म्हणायची, "नजर लावतीस का?"

वजनाच्या वेळी तिची एक खोड होती. कोकरू झोळीत घातलं की ती त्याच्या पाठीवर हात ठेवायची आणि हात ठेवला की काटा दोनशे-अडीचशे ग्रॅम जास्त दाखवायचा.

"मावशी, हात काढा."

"काढते की यव्वा."

मग दोन बोटं उचलायची. तीन तशीच.

"सगळा काढा मावशी!"

"आवं, भ्यालंय की त्ये. तुला कुणी असं टांगलं म्हंजी कळंल."

दर खेपेला दोन-तीनदा तरी हे व्हायचं. पहिलं वजन हातासकट, दुसरं हाताशिवाय. मला तेव्हा आकड्यात कुणाचा हात आलेला खपत नसे. मी चिडायची, ती हसायची, आणि संध्याकाळी तीन दगडांच्या चुलीवरची पहिली भाकरी मलाच मिळायची. ती चव मी परत कुठं खाल्ली नाही. ऑफिसच्या कँटीनला तर नाहीच.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही आणि माझी चूक किती मोठी तेही कळणार नाही.

आम्ही सगळ्या नोंदी संगणकात घालायचो आणि त्यांची आकडेमोड 'आर' नावाच्या भाषेत करायचो. संख्याशास्त्रवाल्यांची ही लाडकी भाषा. तिच्यात एकेका कामाचा एकेक नमुना लिहून ठेवता येतो, त्याला फंक्शन म्हणतात. फंक्शन म्हणजे खिडकीमागं बसलेला कारकून समजा. तुम्ही त्याला कागद द्यायचा, तो त्यावर ठरलेलं काम करणार आणि निकाल तुमच्या हातात ठेवणार.

मी लिहिलेलं पहिलं फंक्शन झोळीचं होतं. रिकामी झोळी दीडशे ग्रॅम भरायची, तेवढे प्रत्येक वजनातून वजा करायचे. फंक्शन लिहिलं, चालवलं, तक्ता उघडून पाहिला. आकडे होते तिथंच. परत चालवलं. सात वेळा चालवलं. एक ग्रॅम हलेल तर शपथ. मी संगणकापुढं हात टेकले. शेवटी पुस्तकात पाहिल्यावर कळलं की मी वेडी होते, आर शहाणी होती.

तिची रीत अशी. तुम्ही कारकुनाला सातबारा दिलात. तो नुसता वाचणार असेल तर मूळच वाचतो. पण लिहायला पेनाचं टोपण काढलं रे काढलं, की आर आधी त्याच्यापुढं झेरॉक्स ठेवते. काय गिरवायचं ते झेरॉक्सवर गिरव, साहेबांच्या मूळ कागदाला हात लावायचा नाही. काम झालं की तो झेरॉक्स तुमच्याकडं सरकवतो. तुम्ही तो नीट ठेवून घेतलात तर तुमचा, नाहीतर गेला कचऱ्यात. मी सातही वेळा झेरॉक्स न घेताच खिडकीवरून परत आले होते.

कळल्यावर मला या भाषेचं फार कौतुक वाटलं. मूळ नोंदीला हात लावायचा नाही हा माझाच नियम ती न सांगता पाळत होती. पुढं पंधरा-सोळा वर्षं मी तिच्या जिवावर बेफिकीर राहिले. दुसऱ्या भाषांत काम करणारे लोक आधीपासून जपून असतात, कुठलं फंक्शन काय बदलेल याचा त्यांना भरवसा नसतो. आम्हा आरवाल्यांना मात्र भरवशाचीच सवय. माझी चूक झाली ती या सवयीनं.

नोंदी वाढत गेल्या. सगळ्या कळपांची सगळी वर्षं, शिवाय पाऊस, चारा, लसीकरण. आमच्या जुन्या संगणकाला झेरॉक्स काढता काढता दम लागायला लागला. सोमवारचा अहवाल बनवायला घेतला की मी चहा पिऊन, शेवगा निवडून परत यायची तरी तो घुरघुरतच असे. तेव्हा कुणीतरी आरलाच जोडायचं एक पॅकेज सुचवलं. त्याची खासियत ही की ते झेरॉक्स काढत नाही. मूळ कागदावरच लिहितं. त्यामुळं वेग असा की एंटर दाबून बोट उचलायच्या आत काम तयार. मी खुश. एका आठवड्यात सगळी फंक्शनं त्यात उतरवून काढली.

पुढच्या दोनेक महिन्यांत आमच्या भागातली कोकरं वाळायला लागली.

म्हणजे कागदावर. दर सोमवारी जन्मवजनाची सरासरी थोडी खाली येई. अडीच किलोची कोकरं दोनवर आली, मग दीडवर. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "गाभण मेंढ्यांना खायला मिळत नाही का काय तिकडं?" मीही गंभीर चेहरा करून म्हणाले, चारा कमी आहे सर. जनावरांचे डॉक्टर क्षारांच्या पिशव्या आणि दुधाच्या बाटल्या घेऊन जीपनं आटपाडीला गेले. दुपारी त्यांचा फोन आला.

"मॅडम, एक किलोचं कोकरू कुठलं? मी शोधून दमलो. हितली कोकरं मला ढुशा मारायला लागल्यात."

मागून मावशीचा आवाज आला, "तिला म्हनावं, काटा बदल!"

काट्याचा दोष नव्हता. माझं झोळीचं फंक्शन दर सोमवारी मूळ तक्त्यातूनच दीडशे ग्रॅम काढत होतं, आणि अहवालाच्या शेवटी 'मूळ तक्ता जतन करा' अशी जी माझी जुनी ओळ होती, ती ते कमी झालेले आकडे इमानेइतबारे साठवत होती. जुन्या पद्धतीत त्या ओळीनं कधी काही बिघडवलं नव्हतं, कारण मूळ तक्ता कधी बदलतच नव्हता. आता एकेका कोकरावर सात-सात झोळ्यांचं ओझं वजा झालं होतं. कुठल्या नोंदीनंतर किती सोमवार गेले ते मोजून मी सगळं परत मिळवलं. फंक्शनच्या सुरुवातीला 'आधी प्रत काढ' एवढी एक सूचना घातली. साहेब हसले, डॉक्टर महिनाभर हसले, मीही चहाच्या वेळी हा किस्सा रंगवून सांगायला लागले.

त्या दिवशी चहा न पिता बाकीची फंक्शनं तपासली असती तर बरं झालं असतं. हे वाक्य मी स्वतःला किती वेळा म्हटलंय ते मोजलेलं नाही.

कारण आणखी एक फंक्शन होतं. वर्षातून एकदाच लागणारं, नावांचं.

बिल्ले आम्ही मारायचो, पण मावशीला नंबर कळत नव्हते. ती प्रत्येक मेंढीला नाव द्यायची. मी विचारलं की पिठाचे हात न धुता सांगायची, "लिव्ह यव्वा, पुलावरची."

"पुलावरची म्हणजे?"

"पुलावर झाली. म्हागं टरक पों पों करतुया आन् ही मदीच बसली."

उसातली फलटणला उसाच्या फडात झालेली. घाटातली मेढ्याच्या अलीकडं, धुक्यात, हाताला लागली म्हणून सापडलेली. एक होती कंडक्टरीन. तिच्या आईला दूध नव्हतं म्हणून मावशी तिला पदराखाली घेऊन एसटीनं बहिणीकडं निघाली होती. कंडक्टरनं तिकीट मागायच्या आधीच ते कोकरू ओरडलं. तो माणूस चांगला निघाला. गर्दी होती म्हणून त्यानं कोकरू आपल्याच मांडीवर घेतलं आणि तिकिटं फाडत आटपाडीपर्यंत आला. प्रत्येक नावाखाली आईचं नाव, तिच्याखाली तिच्या आईचं. मावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिचं सगळं चालणं, सगळे मुक्काम, पाऊसपाणी नाव आणि आई या दोन रकान्यांत होतं. मी ते लिहून घेत होते, पण मी काय लिहून घेतेय हे मला तेव्हा कळत नव्हतं.

पुण्याच्या मुख्य ऑफिसला मार्चचा अहवाल जायचा तो नंबरांत. तिथल्या लोकांना 'पुलावरची' चालत नसे. म्हणून नावांच्या जागी बिल्ल्याचे नंबर घालणारं ते फंक्शन. ज्या मेंढ्या मेल्या, त्यांचे बिल्ले रद्द, म्हणून तिथं जागा कोरी. पूर्वी हे सगळं झेरॉक्सवर व्हायचं. त्या मार्चला मुळावर झालं आणि माझ्या जुन्या ओळीनं ते जतनही केलं. मला पत्ताच नाही. अहवाल गेला, शाबासकी आली.

त्याच मार्चमध्ये साळूमावशी गेली. ताप आला आणि तिसऱ्या दिवशी गेली. मला कळलं तेव्हा दिवसही होऊन गेले होते. मी मार्चअखेरच्या गडबडीत होते. नंतर तारखा लावून पाहिल्या तर ज्या आठवड्यात ती गेली त्याच आठवड्यात मी ऑफिसात बसून तिची नावं पुसत होते.

त्यानंतर दीड वर्षानं, माझ्या निवृत्तीला तीन आठवडे राहिले असताना, बिरूतात्या सांगलीच्या ऑफिसात आले. एकटे. फेटा नीट बांधलेला, हातात काठी. याआधी ते ऑफिसात कधी आले नव्हते. खुर्चीच्या कडेवर बसले.

"बाई, गुडघं गेलं. आता चालनं व्हत न्हाई."

मुलगा फौजेत, सून त्याच्याबरोबर. कळप सांभाळणारं कुणी नव्हतं. मावशीचा भाऊ येत्या रविवारी टेंपो घेऊन येणार होता आणि सगळी मेंढरं माहेरच्या कळपात मिळवणार होता.

"समदी न्हेऊ दे त्यो. पर तिच्या म्हायेरचा जो येल हाय, तेवडा मला दारात ठिवायचा हाय. तेवडंच राह्यलंय तिचं. मला मेंढरू वळकतं, पर कुनाची कोन त्ये तिलाच ठावं. ती तुमाला सांगायची न्हवं? तिनं सांगितल्यालं वाचा की."

मी उत्साहानं फाईल उघडली. नावाच्या रकान्यात नंबर. आईच्या रकान्यात थोडे नंबर आणि बाकी कोरं. मी वर गेले, खाली गेले. दर आठवड्याच्या प्रतींची डिस्क लावली. तिनं तर त्या मार्चपासून दर शुक्रवारी पुसलेल्या तक्त्याचीच प्रत जुनीवर चढवली होती. पुण्याकडं नंबरच गेलेले. राहिल्या माझ्या हातच्या वह्या. त्या खालच्या मजल्यावरच्या कपाटात होत्या, आणि कृष्णेचं पाणी आत आलं त्या वर्षी त्यांचा लगदा आम्ही पाटीनं बाहेर काढला होता.

तात्या माझ्याकडं बघत होते. मला खोटं बोलता आलं असतं. संगणक बिघडला म्हटलं असतं तर त्यांनी मलाच धीर दिला असता.

"तात्या, माझ्या हातनं पुसलं गेलं," मी म्हणाले. "मावशीनं सांगितलेलं सगळं. मी प्रतीवर लिहितेय असं समजून मुळावर लिहिलं."

तात्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "म्हंजी ती न्हाई हितं."

मी मान हलवली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. चहा आला. तात्यांनी बशीत ओतला, प्याले, बशी पुसून ठेवली. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"मग हाय तरी काय त्यात?" त्यांनी विचारलं. खरोखर जाणून घ्यायला विचारलं.

दुसरं काय करणार, मी वाचायला लागले. "बिल्ला एकशे बारा, वजन दोन चारशे, दोन चारशे. एकशे तेरा, दोन सहाशे, दोन सहाशे. एकशे अठरा, दोन आठशे, दोन सहाशे…"

"दोन-दोन येळा का?"

"दोनदा घ्यायचो ना. पहिल्या वेळी मावशी हात ठेवायची. मी ओरडले की काढायची, मग दुसरं."

"मग एकशे बाराला का न्हाई ठिवला?"

मी दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवत खाली गेले. इतकी वर्षं मी धरून चालले होते की मावशीची ती खोड आहे, लहर लागली की हात ठेवते. कुणावर ठेवते हे मी, दोन आकड्यांतला फरक शोधायचा पगार घेणारी बाई, कधी पाहिलंच नव्हतं. पहिला आकडा आम्ही अहवालात कधी वापरला नव्हता. फक्त नियम म्हणून खोडला नव्हता. झोळी वजा झाली तीही दोन्ही रकान्यांतून सारखीच, त्यामुळं मधला फरक जिथल्या तिथं होता.

तात्या हळूच म्हणाले, "तिच्या येलाचं कोकरू आसलं म्हंजी ती त्याला टांगून सोडत न्हवती. माज्या बानं दिल्यालं हाय म्हनायची. मी लय हसायचो."

मी आरला एकच गोष्ट विचारली: तात्यांच्या कळपातल्या जिवंत मेंढ्यांपैकी पहिलं वजन दुसऱ्यापेक्षा जास्त असलेल्या दाखव. नऊ नंबर आले.

माझा स्वभाव मेला जात नाही. मी म्हणाले, तात्या, याला पुरावा म्हणत नाहीत, एखादी तरी पडताळून पाहू. त्यांनी विचार केला. "कंडक्टरीन तिच्याच येलाची. त्येवडं मला पक्कं ठावं हाय, घरात लय कवतिक झाल्तं. डावा कान फाटका." रविवारी कळपात जाऊन तिचा बिल्ला बघायचा ठरला. बिल्ला उजव्या कानात होता हे नशीब.

रविवारी मी काटा घेऊन गेले. का घेतला ते सांगता येणार नाही. रिकाम्या हातानं त्या कळपात कधी गेले नव्हते. टेंपो लागलेला होता. मावशीचा भाऊ मितभाषी माणूस, बहिणीसारखेच डोळे. तात्यांनी कळपात शिरून फाटक्या कानाची मेंढी मानेला धरून आणली. मी चष्मा सरसावून बिल्ला वाचला. एकशे एकसष्ट. माझ्या कागदावर तो चौथा नंबर होता.

मग एकेक करून नऊ बाजूला काढल्या. तात्या प्रत्येकीला हात लावून म्हणत, "व्हय, ही तिच्या म्हागं म्हागं असायची," किंवा नुसतंच "व्हय." मावशीच्या भावानं एकीच्या नाकाडावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "आमच्या अप्पाच्या म्हाताऱ्या मेंढीचं नाकाड हाय बगा ह्ये." तेवढ्यावर तो जाऊन टेंपोच्या फळीवर पाठमोरा बसला.

सगळं सापडलं असं मी म्हणणार नाही. एका मोसमात मावशी आजारी म्हणून घरीच राहिली होती. त्या वर्षीच्या आणि ती गेल्यानंतरच्या कोकरांवर कुणाचाच हात नव्हता, दोन्ही आकडे सारखे. त्यांत तिच्या वेलाची एखाददुसरी असणारच. ती टेंपोत चढली असेल आणि आम्हाला कळलं नसेल. आणि नावं गेली ती गेलीच. शंभराच्या वर होती, मला चौदा आठवतात. बाल्कनीत बसलं की मी ती मनात म्हणते, पंधरावं आठवतं का बघते. मावशीची मला फार आठवण येते. तिच्यावर ओरडण्यासाठी का होईना, एकदा ती फांदीखाली उभी हवी असं वाटतं.

टेंपो निघाला तेव्हा दारात नऊ मेंढ्या आणि एक कोकरू उरलं होतं. कंडक्टरनीचं, चार दिवसांचं. मावशी गेल्यानंतर झालेलं. तात्या म्हणाले, "बाई, काटा आनलाय तर ह्याचं करा की."

बाभळीच्या फांदीला काटा अडकवला, झोळी लावली. कोकरू ओरडायला लागलं. तात्या काठी टेकत आले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सगळा, पाची बोटं. कोकरू गप्प झालं. तात्या माझ्याकडं बघत राहिले, मी कधी ओरडतेय म्हणून.

मी काही म्हटलं नाही. दुसरं वजनही घेतलं नाही. माझ्या नोकरीतली ती शेवटची नोंद: दोन किलो आठशे, हातासकट.